ओट्याची उंची कोण ठरवतं?

माननीय संपादक, स.न.वि.वि.

रिडेव्हलपमेंटबद्दल पेपरात सतत काही ना काही येत असतं, कार्पेट एरिया म्हणजे घरातली वापरायची जागा किती वाढली, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी रक्कम किती, पार्किंग कोणाला. पण नव्या घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

जुन्या घरात आमचा कडप्प्याचा ओटा होता. आईने गवंड्यासमोर उभं राहून "इथवर" असं हाताने दाखवून बांधून घेतलेला. नव्या फ्लॅटमध्ये ग्रॅनाइट, ३४ इंच, सगळ्या मजल्यांवर एकच माप. आईची उंची ४ फूट १० इंच, तीही तरुणपणची, आता ७८ व्या वर्षी पाठ वाकून त्यातलेही दोनेक इंच गेलेच असतील. ओट्यावर शेगडी, शेगडीवर कुकर, म्हणजे कुकरचं झाकण हनुवटीशी! कढईत काय चाललंय ते दिसेना म्हणून तिने काय करावं, तर देवापुढचा पाट आणून त्यावर उभी राहून फोडण्या घालायला लागली आणि मला पत्ताच नाही कारण मी त्या वेळी ऑफिसात. व्हायचं तेच झालं, गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, त्यावर तेलाचे दोन थेंब, पाट सटकला. कढई अंगावर आली नाही हे नशीब, मनगटाला मात्र सहा आठवडे प्लास्टर. आणि बाईसाहेबांना वाईट कशाचं वाटलं, तर आमटी फोडणीला टाकायची राहिली याचं.

लगेच सगळ्यांचा सल्ला, आईंना आता किचनमध्ये जाऊच देऊ नका. अहो, पण सकाळचा पहिला चहा तिच्या हातचा असतो, तोही काढून घ्यायचा का?

आम्ही शेगडीपुरता ओटा कापून चार इंच खाली घेतला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला मॅडम लुक जाईल, म्हटलं जाऊ दे. तेल, मीठ, चहा-साखर, दाण्याचं कूट सगळं वरच्या कपाटातून काढून कमरेच्या उंचीवर आणलं, स्टूल घरातूनच हद्दपार. वय झालं की वासही कमी येतो, म्हणून गॅस डिटेक्टर घेतला. दुकानदार म्हणे छताजवळ लावा. पण आमच्याकडे सिलेंडर, तो गॅस हवेपेक्षा जड, खालीच साठतो, तेव्हा डिटेक्टर जमिनीजवळच हवा. छताजवळ पाइपवाल्या गॅससाठी, तो हलका असतो. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आमची कधीची होती ते विचारू नका. फ्रीजवर मोठ्या अक्षरात १९०६ चिकटवलाय, सिलेंडर गळतीचा इमर्जन्सी नंबर.

आता मुद्दा. बिल्डरबरोबरच्या आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये नळ कुठल्या कंपनीचा हेसुद्धा लिहिलं होतं, पण ओट्याची उंची नव्हती आणि आम्हीही मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडत बसलो. ज्या सोसायट्या आत्ता सह्या करतायत त्यांनी एवढी एक ओळ घालून घ्यावी, की ज्याच्या घरात जो रांधतो त्याला विचारून ओटा. बांधतानाच विचारलं तर फारसा खर्च नाही, ग्रॅनाइट बसल्यावर तोडायला किती लागतात ते मला विचारा.

सध्या आमच्या मजल्यावरच्या दोन आज्या येऊन ओट्याचं माप घेऊन गेल्यात, टेपने नाही, वितीने.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली