दुसऱ्या पायाचा फोटो कशासाठी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही चिडलात, "पडलो उजव्या टाचेवर, मग डाव्याचा फोटो कशाला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

पायाचा बाजूने एक्स-रे काढला की आम्ही टाचेच्या हाडावर दोन रेषा ओढतो. हाडाच्या पुढच्या टोकाचा वरचा बिंदू ते मधल्या सांध्याचा सर्वांत उंच बिंदू, ही एक. मागच्या उंचवट्याच्या वरच्या कडेपासून त्याच सांध्याच्या बिंदूपर्यंत दुसरी. ती पुढे वाढवली की पहिलीशी जो लहान कोन होतो, तो बोहलरचा कोन. व्हिएन्नाच्या लोरेन्झ बोहलर या डॉक्टरांचं नाव त्याला आहे. तो साधारण २० ते ४० अंश असतो. पट्टा इतका मोठा की तुमचा मूळचा कोन किती होता, हे तुमचा धडधाकट पायच सांगणार. डावा ३२ भरला, उजवा ९.

शिडीवरून पडलात तेव्हा घोट्याचं हाड पाचरीसारखं टाचेच्या हाडात घुसलं. मधला भाग खचला, म्हणून कोन उतरला. कोन इतका उतरला की पुढे चालताना त्रास राहण्याची भीती जास्त, म्हणून माझा जीव खालीवर होतोय. गिसानचा म्हणून आणखी एक कोन असतो, पण तुमच्या फोटोत तुकडे एकमेकांवर आल्याने तो धड मोजता येईना. सांध्याचे किती तुकडे झालेत ते सीटी स्कॅनमध्येच कळेल. त्याशिवाय ऑपरेशन की नुसतं प्लास्टर, हे मी ठरवू देणार नाही. हाडवैदाकडून चोळून घेणं तर अजिबात नको.

आई, बाबा सांगणार नाहीत, पण कंबर दुखतेय ना त्यांची? उंचावरून टाचांवर आपटलं की धक्का मणक्यापर्यंत जातो, तिथेही हाड मोडलेलं असू शकतं. आजच कमरेचाही फोटो काढून घ्या. पाय उशीवर उंच ठेवायचा, जमिनीला टेकवायचा नाही. बोटं बधिर झाली किंवा दुखणं सहन होईना, तर माझी वाट न बघता दवाखाना गाठा. आणि विडी बंद, बाबा. विडी ओढणाऱ्यांची टाचेची जखम चिघळते, मी डोळ्यांनी बघितलंय.

मी शनिवारी येते. ऑपरेशन करायचं ठरलं तरी सूज उतरेपर्यंत थांबावं लागेल. आई, रोज सकाळी टाचेच्या बाजूची कातडी बघत जा. आता ती ताणून चकाकत असेल. तिच्यावर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या म्हणजे सूज उतरली, तेव्हा लगेच मला फोन कर.

तुमची,
सोनू