नारळाच्या पोत्यात या वेळी डबा नव्हता

पुणे, 24 जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पोतं संक्रांतीच्या आदल्या दिवशीच मिळालं. पहाटे साडेपाचला गाडी स्वारगेटला लागली आणि कंडक्टरकाकांनी स्वतः खाली उतरवून दिलं. चौदा नारळ, सगळे शेंडीसकट, एकही तडकलेला नाही. तळाशी माळ्यावरच्या गोटा खोबऱ्याची पिशवी आणि कोकमं. घरी आल्यावर मी पोतं पूर्ण उलटं करून झटकलं. वड्यांचा डबा नव्हता.

लग्न होऊन मी कोथरूडला आले त्याला सोळा वर्षं झाली. गुहागरहून नारळ आले आणि सोबत डबा आला नाही असं इतक्या वर्षांत एकदाही झालेलं नाही. आई, तू फोनवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, पण मला कारण कळलं. दिवाळीत पाक गॅसवर ठेवून तू पडवीत कुणाशी तरी बोलायला गेलीस, कढई जळली आणि घरभर धूर झाला. बाबांना दुपारच्या झोपेतून जाग आली ती त्या वासाने. ते ऐकून मी फोनवर म्हटलं, "आता तू गॅसपाशी उभी राहूच नकोस." घाबरून म्हटलं, पण म्हटलं. पन्नास वर्षं तुझ्या हातात असलेली गोष्ट मी एका वाक्यात काढून घेतली. त्याचं मला फार वाईट वाटतंय. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

बाकीचं म्हणजे नारळ आणि संत्र्याचे छोटे लाडू. गॅस पेटवावा लागत नाही, पाक नाही, भाजणं नाही. इथे दुकानांत त्यांना 'एनर्जी बाइट्स' म्हणतात आणि एवढ्याशा डबीला भरपूर पैसे घेतात. तुमची नात शाळेच्या डब्यासाठी मागायला लागली म्हणून मी घरी करून बघितले. महिन्याभरात चार वेळा केले. पहिले दोन घाणे बिघडले. ते का बिघडले ते सविस्तर लिहिते, कारण कृतीपेक्षा तुला तेच उपयोगी पडेल.

पहिल्यांदा मी ओला नारळ खवून घातला. चव अशी सुरेख की आम्ही तिघांनी उभ्याउभ्या निम्मे संपवले. उरलेल्यांना तिसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागला. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. तुझ्या वडीत ते कढईत आटतं, आणि साखर भरपूर असल्यामुळे वडी टिकते. इथे आटवणं नाहीच, तर पाणी जाणार कुठे? मग बाजारचा डेसिकेटेड खोबऱ्याचा कीस आणला. त्यात पाणी तीन टक्क्यांच्या आसपासच असतं, त्यामुळे तो टिकतो. पण आपल्या खोबऱ्याचा वास त्याला नाही. चौथ्यांदा या पोत्यातलं गोटा खोबरं घेतलं, पाठीची तपकिरी साल विळीवर तासून काढली आणि बारीक किसलं. आता दुसरं काही घालणार नाही. तू फक्त फोडल्याबरोबर वास घेऊन बघ. जरा जरी खवट वाटलं तरी ती वाटी बाजूला ठेव, एक वाटी सगळा घाणा बिघडवते.

दुसरा घाणा कडू झाला तो सालीमुळे. संत्र्याचा सगळा वास वरच्या केशरी सालीत असतो, तिच्यात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्याखालचा पांढरा भाग कडू. मी जोर लावून किसलं आणि पांढरं त्यात गेलं.

बाबा, तुम्हाला आठवतं का, दिवे गेले की तुम्ही मेणबत्तीपाशी संत्र्याची साल दुमडून पिळायचात आणि ज्योतीतून तडतड ठिणग्या उडायच्या? दादा आणि मी ओरडायचो, "अजून एकदा!" ते हेच तेल, झटकन पेट घेणारं. आता आल्याच्या बारीक किसणीवर संत्रं फिरवते तेव्हा बोटांवर तोच बारीक फवारा उडतो, नखांत केशरी रंग बसतो, आणि मला माजघर दिसतं.

संत्रं न सोलता, अख्खंच किसायचं. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, एकदा सोलली की ती किसणीवर धरता येत नाही. आधी कोमट पाण्यात चोळून धुवायचं, कारण चकाकीसाठी वर मेण लावलेलं असू शकतं. एका जागी किसणीवरून एकदाच न्यायचं आणि लगेच फळ फिरवायचं. कागदी लिंबाची साल तर इतकी पातळ की दोनदा घासलं की पांढरं आलंच. संत्री मी मंडईतून आणते. बाबा, तुम्ही शिकायला होतात तेव्हा भाजीला जायचात तीच ती 1886 सालची दगडी मंडई. अजून तशीच गजबजलेली असते.

आता प्रमाण. बिनबियांचा काळा खजूर 200 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं 120 ग्रॅम, पंढरपुरी डाळं 50 ग्रॅम, दहा-बारा बदाम, एका संत्र्याची साल, अर्ध्या लिंबाची साल, दोन चमचे संत्र्याचा रस, चिमूटभर सुंठ आणि मीठ. याचे वीस होतात, साधारण सुपारीपेक्षा थोडे मोठे. रस दोन चमच्यांच्या वर नको, पुन्हा पाण्याचाच प्रश्न येतो. डाळं आधीच भाजलेलं असतं म्हणून तसंच चालतं.

खजूर कडक असला तर पाण्यात भिजवू नकोस. ताटलीत पसरून तासभर अंगणात उन्हात ठेव. गुहागरच्या उन्हात तो असा मऊ होईल की बोटाने दाबला तरी दबेल. माझ्याकडे गॅलरीत जानेवारीचं ऊन जेमतेम दोन तास येतं, तरी काम होतं.

मिक्सरमध्ये आधी डाळं आणि बदामांचं पीठ कर, ते काढून ठेव. मग खोबरं थांबत थांबत फिरव. दोन मिनिटांनी ते भुरभुरीत राहत नाही, तेल सोडायला लागतं आणि भांड्याच्या कडेला चिकटतं. मग खजूर, आणि शेवटी उरलेलं सगळं. आता लक्ष दे, आई. सुरुवातीला मिश्रण वाळूसारखं दिसेल आणि वाटेल की अजून रस घालावा. घालू नकोस. थोडं फिरवत राहिलं की ते गोळा होऊन पात्याभोवती फिरायला लागतं आणि भांड्याच्या कडा सोडतं. तुझ्या कढईत वडी जशा कडा सोडते, अगदी तशाच. तू मला शिकवलेलं वाक्य मिक्सरलाही लागू पडलं: "घड्याळाकडे बघू नकोस, कडांकडे बघ." मला चार घाणे लागले, तुला पहिल्या झटक्यात कळेल.

हाताला तेल-तूप काही लावावं लागत नाही, खोबऱ्याचंच सुटतं. वळून खोबऱ्याच्या किसात घोळवायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणून अर्ध्या-एक तासात ते घट्ट होतात. इथे सध्या इतका गारठा आहे की बाटलीतलं खोबरेल सकाळी पांढरं होऊन बसलेलं असतं आणि लाडू ओट्यावरसुद्धा आळतात. तुमच्याकडे मात्र फ्रिज हवा, आणि वीज जाते तेव्हा दार उघडू नकोस. आठवडाभर छान राहतात. दोघांसाठी निम्मं प्रमाणच कर.

कवळीला खजूर चिकटतो ही तुझी तक्रार मी विसरलेले नाही. डाळ्याचं पीठ त्याचसाठी घातलंय. तरी चिकटले तर पीठ मूठभर वाढव.

बाबा, हे तुमच्यासाठी. साखर घातलेली नाही म्हणजे साखर नाही असं समजू नका. एका लाडवात दहा ग्रॅम खजूर येतो, म्हणजे सहा-सात ग्रॅम साखर, चहाचा सव्वा-दीड चमचा. खोबऱ्याचं तेल आहे ते वेगळंच. तेव्हा चार वाजता बिनसाखरेच्या चहाबरोबर एक, आणि तोही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून. आई नाही म्हणाली तर दुसरा मागू नका.

आणि परसातलं पपनस यात घालायचं नाही. मला माहीत आहे, आईच्या मनात पहिलं तेच येईल, झाड लगडलेलं असेल. पपनस आणि ग्रेपफ्रूट एकाच घरातले. तुम्ही कोलेस्टेरॉलची जी ॲटोरव्हास्टॅटिनची गोळी घेता, ती शरीरात मोडायला आतड्यात जे विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं त्याला ही फळं अडवतात, आणि मग औषध रक्तात गरजेपेक्षा जास्त चढतं. आपल्या गोड संत्र्याला ही अडचण नाही. पपनस शेजारी वाटून टाका.

शुक्रवारच्या गुहागर गाडीने मी डबा पाठवतेय. आई, तुझं नाव कोरलेला तो स्टीलचा डबा, दसऱ्याला आला होता तो इथेच राहिला होता. त्यात चौथ्या घाण्यातले दहा लाडू आहेत. शेजारी मंडईतली सहा संत्री आणि अर्धा किलो खजूर. खोबरं तुझ्याकडे आहेच. खाऊन सांग, सुंठ जास्त झालीय का? मला वाटतं झालीय, पण तुझ्या नातीला तशीच आवडते. तू तुझ्या अंदाजाने कमी-जास्त कर आणि मला प्रमाण कळव, मी वहीत तुझंच लिहून ठेवीन.

वड्याही मला हव्या आहेत. शिमग्याला आम्ही येऊ तेव्हा दुपारी दोघी मिळून करू. मी कढईपाशी उभी राहीन, तू कडा बघ.

डबा रिकामा धाडू नकोस.

तुमची लेक