मुलांचे वाढते वजन आणि हरवलेली न्याहारी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून महिन्यात शाळा सुरू होण्यापूर्वी गणवेश, वह्या आणि छत्र्या यांची तयारी घरोघरी होते. त्या तयारीत मुलांच्या खाण्याचाही विचार व्हावा आणि रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषदांनी त्यात पुढाकार घ्यावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे. मुलांमधील लठ्ठपणा ही मुंबई-पुण्यातील सुखवस्तू घरांची अडचण आहे, आपल्याकडची मुले समुद्रावर आणि कातळावर खेळणारी, त्यांना हा प्रश्न नाही, असे आपण समजत आलो. शाळा व्यवस्थापन समितीच्या कामामुळे मुलांचे डबे आणि शाळेजवळची दुकाने नेहमी पाहण्यात येतात, आणि हा समज आता खरा राहिलेला नाही असे माझे ठाम मत झाले आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील जादा वजनाच्या बालकांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. हा आकडा कोणाला किरकोळ वाटेल. पण याच दुसऱ्या सर्वेक्षणात ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली, हे त्याच्याशेजारी ठेवून पाहावे. एका बाजूला खुंटलेली वाढ आणि दुसऱ्या बाजूला जादा वजन या दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी एकाच घरात दिसतात. पोट भरते आणि पोषण मात्र होत नाही, असे अन्न या दोन्हींच्या मुळाशी असू शकते.

हे अन्न मुलांच्या पोटात कधी जाते, हे पाहिले तर सुरुवात सकाळपासूनच होते. उकड्या तांदळाची पेज आणि तिच्याबरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा लोणच्याची फोड, नाहीतर घावणे, आंबोळी, नाचणीची भाकरी अशी न्याहारी कोकणात रुळलेली होती. आज अनेक घरांतून मूल चहात बुडवलेल्या बिस्किटांवर, बटरवर किंवा खारीवर शाळेत जाते. मैदा, साखर आणि वनस्पती तूप यांचा हा ऐवज फार वेळ टिकत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत भूक खवळलेली असते आणि फाटकासमोरच्या दुकानात पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकत असतात. शाळा सुटल्यावर पुन्हा तेच. दुपारचा पोषण आहार आणि रात्रीचे जेवण यांच्या अवतीभवती दिवसभर जे तोंडात पडत राहते, त्यातून हे वजन वाढते, आणि आपण त्याला जेवण म्हणत नसल्यामुळे ते कोणाच्या हिशेबातही येत नाही.

यासाठी आईला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पहाटे मासळी बाजार गाठणाऱ्या, काजूच्या कारखान्यात किंवा पहिल्या एसटीने कामाला जाणाऱ्या बाईला बिस्किटाचा पुडा हाच वेळेत बसणारा उपाय उरतो. म्हणूनच तिच्या वेळेत बसेल असेच बोलले पाहिजे. नाचणीचे पीठ रात्री भिजवून ठेवले तर सकाळी आंबील थोड्याच वेळात शिजते. घावण्याला आंबवणे लागत नाही. तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की तव्यावर एकेक घावन दोन-तीन मिनिटांत होते, आणि रात्रीची काळ्या वाटाण्याची उसळ उरलेली असेल तर डबाही तयार होतो. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तंतुमय घटकही भरपूर असतात, त्यामुळे भूक बराच वेळ लागत नाही. घरातील पुरुषांनी यातील निम्मे काम उचलायला काहीच हरकत नाही.

साखरेबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्य तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसासाठी सुमारे २५ ग्रॅम. लहान मुलासाठी त्याहूनही कमी. शीतपेयाच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत जवळपास तेवढी साखर असते. ज्या किनाऱ्यावर हापूस पिकतो, तिथली मुले वर्षभर आंब्याच्या नावाचे साखरपाणी खोक्यातून पितात, याचे मला मनापासून दुःख होते. कोकम सरबताचीही गोष्ट फार वेगळी नाही, कारण ते साखरेतच मुरवलेले असते. मुलांना द्यायचे तर आगळात, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या आंबट रसात, पाणी, जिरे आणि चिमूटभर मीठ घालून द्यावे. दुधात घालायच्या गोड पावडरींबाबत तर केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्याची सूचना दिली होती. पालकांनी ते नाव विसरलेले बरे.

आपले पारंपरिक जेवण सगळेच निर्दोष आहे, असा माझा दावा नाही. ताटात भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी ही आपली सवय मुलांनाही लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार निम्मे ताट भाज्या आणि फळांनी भरलेले असावे. पावसात टाकळा, भारंगी, अळू, कुर्डू, इतर दिवसांत शेवग्याचा पाला, केळफूल, कच्चा फणस यातले बरेचसे परसात फुकट मिळते. तारली आणि बांगडा ही स्वस्त मासळी मुलांच्या वाढीसाठी उत्तम आहे, मात्र ती रोज रव्यात घोळून तेलात तळण्यापेक्षा तिरफळे घालून केलेले कालवण बरे.

मूल स्थूल आहे म्हणून त्याला उपाशी ठेवणे किंवा सर्वांसमोर ‘जाड्या’ म्हणणे यासारखी क्रूर गोष्ट नाही. वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांचे वजन एकदम उतरवायचे नसते; ते काही काळ स्थिर राहिले आणि उंची वाढत गेली की शरीराचे प्रमाण आपोआप सुधारते. हा बदल त्या एका मुलापुरता न ठेवता सगळ्या घराने केला, तरच तो टिकतो. आजोबांपुढे फरसाणाची वाटी आणि नातवापुढे काकडी, असे चालणार नाही. गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्या चाकरमानी मंडळींनाही विनंती आहे की, पुतण्या-भाच्यांसाठी पाकिटांच्या पिशव्या न आणता फळे, खजूर किंवा खारे शेंगदाणे आणावेत.

घरांनी इतके केले तरी शासनाची जबाबदारी संपत नाही. राज्य शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकण्यास मनाई केली, परंतु आपल्या खेड्यांतील बहुतेक शाळांना उपाहारगृहच नाही. मुलांची खरेदी होते ती फाटकाबाहेर. त्यासाठी केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे विनियम आहेत. जादा मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकण्यास त्यांनुसार बंदी आहे. हा नियम बहुतेक ग्रामपंचायतींना ठाऊकही नसावा, असे फाटकाबाहेरचे चित्र पाहून वाटते. दुकानदार गावातलाच, अनेकदा शाळेतल्या मुलांचाच पालक असतो. त्याचा धंदा बुडवण्यापेक्षा उकडलेल्या शेंगा, चणे, केळी, उकडलेली अंडी हा माल त्याने ठेवावा, यासाठी ग्रामसभेत त्याच्याशी बोलावे. महिला बचत गटांनाही यात काम मिळू शकेल.

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्यासाठीचा निधी राज्याने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला, तो पुन्हा सुरू करावा. अंड्याने भरलेले पोट पाकिटाकडे कमी वळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची उंची आणि वजन मोजते. ती नोंद कागदावर राहू न देता, वयाच्या मानाने मुलाचे वजन कमी, योग्य की जादा हे मराठीत लिहून पालकांच्या हाती दिले जावे. आणि दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी अन्न व औषध प्रशासनासह प्रत्येक शाळेच्या फाटकापासूनचे ५० मीटर अंतर जूनपूर्वी मोजून घेऊन, तिथे काय विकले जाते याची यादी शाळेच्या फलकावर लावण्याचे आदेश द्यावेत, ही माझी जाहीर मागणी आहे.

आपला नम्र,
एक पालक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग