क्योटोची थकबाकी

कॅलगरी, कॅनडा
18 डिसेंबर 2011

तीर्थरूप आप्पांना साष्टांग नमस्कार,

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो, म्हणून सविस्तर लिहितो असे सांगून सुटका करून घेतली. "आम्हा चंद्रपूरकरांना कोळशावरून उपदेश करणारी मंडळी स्वतः करार सोडून मोकळी कशी होतात?" हा तुमचा प्रश्न मात्र तेव्हापासून मनात घोळत आहे.

बाहेर पडण्याची सोय क्योटो करारातच, म्हणजे हवामान तापवणाऱ्या वायूंचे उत्सर्जन घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातच, आहे; 27व्या कलमाप्रमाणे सूचना द्यायची आणि वर्षभराने सुटायचे. दरबानच्या हवामान परिषदेहून परतताच कॅनडाचे पर्यावरणमंत्री पीटर केंट यांनी सोमवारी, 12 तारखेला, ऑटावात तशी घोषणा केली. करारावर शिक्कामोर्तब करून मग अधिकृतपणे अंग काढून घेणारा हा पहिलाच देश. कारण सांगितले ते पैशाचे. उद्दिष्ट गाठायचे तर इतर देशांकडून कार्बन क्रेडिट, म्हणजे त्यांनी केलेल्या कपातीचे हक्क, विकत घ्यावे लागतील, त्याला 14 अब्ज डॉलर, म्हणजे कुटुंबामागे 1,600 डॉलर लागतील, असे केंट म्हणतात. अमेरिकेने करार कधी मंजूरच केला नाही, चीन आणि भारतावर कपातीचे बंधन नाही, मग आपणच का भुर्दंड सोसायचा, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तो पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. पण इथे माणशी वर्षाला सुमारे 20 टन उत्सर्जन होते आणि आपल्याकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास; हे सांगताना मात्र सगळे गप्प असतात.

माझ्या टेबलावर ऑइल सँड्सची, म्हणजे घट्ट तेल मिसळलेल्या वाळूची, एक काचेची बाटली आहे. थंडीत तिच्यातला काळा गाळ इतका घट्ट होतो की बाटली उलटी धरली तरी हलत नाही. अल्बर्टाच्या उत्तरेत जमिनीखाली असेच तेल आहे. वरच्या थरातली वाळू खणून गरम पाण्याने धुतात. खोल असेल तिथे नैसर्गिक वायू जाळून वाफ करतात आणि ती महिनोन्‌महिने खाली सोडतात, तेव्हा कुठे तेल पातळ होऊन वर येते. म्हणजे इंधन काढण्यासाठीच आधी भरपूर इंधन जाळायचे. आप्पा, माझा पगार आणि घराचा हप्ता याच वाफेतून निघतो, त्यामुळे मी तटस्थ आहे असे समजू नका.

तरीही हिशेब खटकतो. 2002 साली पंतप्रधान क्रेटियन यांच्या सरकारने करार मंजूर केला, तेव्हा 2008 ते 2012 या काळात उत्सर्जन 1990च्या 6 टक्के खाली आणायचे कबूल केले होते. 2009मध्ये, मंदी असूनही, ते सुमारे 17 टक्के वर होते. क्रेटियन यांच्या पक्षाने सही करून फारसे काही केले नाही, आणि 2006 साली पंतप्रधान झालेल्या हार्पर यांना तर करार मुळातच नको होता. आज भरावी लागणारी रक्कम अवाढव्य दिसते ती या दहा वर्षांमुळे, नुसत्या करारामुळे नव्हे. शिवाय करारात रोख दंड नाहीच. कमी पडलेली कपात तीस टक्के वाढवून पुढच्या टप्प्याच्या खात्यावर चढते. तेवढेही चढू नये म्हणून वही बंद होण्याआधीच हे निघाले, असे मला वाटते.

तुम्ही वीज केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे खजिनदार होता, तेव्हा एक सभासद हप्ते थकवून सभासदत्वाचा राजीनामा घेऊन घरी आला होता. तुम्ही त्याला चहा दिला, राजीनामा ठेवून घेतला आणि म्हणालात, "नाव कमी करतो, बाकी नाही." त्या माणसाच्या घरी जेवणारा कोणी तेव्हा तुमच्यासमोर येऊन बसला असता, तर तुम्ही त्याला काय विचारले असते, ते पुढच्या पत्रात जरूर कळवा.

आईस नमस्कार.

आपला,
धाकटा