मोडलेलं लग्न आणि कोर्टाची पायरी

रविवारच्या पुरवणीत 'आता घटस्फोट सोपा झालाय' असा लेख आलाय, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखात सुप्रीम कोर्टाच्या १ मे २०२३ च्या निकालाचा दाखला आहे, पण तो अर्धाच सांगितलाय. लग्न पार मोडलंय, आता जुळणं शक्य नाही, या कारणावरून घटस्फोट देण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाला आहे, तोही राज्यघटनेच्या कलम १४२ खाली, आमच्या इंदूरच्या फॅमिली कोर्टाला नाही. इथे दोघांची संमती नसेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलंच कारण लागतं, क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं सोडून जाणं वगैरे, आणि ते पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं.

माझी भाची सहा वर्षं माहेरी आहे, नवरा संमती देत नाही, मारहाण कधी झाली नाही, मग ती बिचारी सिद्ध काय करणार? विधी आयोगाने १९७८ मध्येच 'लग्न पार मोडलंय' हे कारण कायद्यात घाला म्हणून शिफारस केली होती, २००९ मध्ये परत केली, २०१३ ला राज्यसभेत बिलही पास झालं, पण पुढे कायदा काही झाला नाही. बायकोच्या पोटगीची नीट सोय करून संसदेने ते पुन्हा आणावं.

– एक वाचक, रामबाग, इंदूर