सहलीचे पैसे भरण्याआधी रद्द करण्याचा हिशेब मांडा

नागपूर, 7 फेब्रुवारी 2022

संपादक महोदय,

कोरोनाची तिसरी लाट ओसरू लागली, 31 जानेवारीच्या आदेशाने राज्य सरकारने निर्बंध सैल केले आणि नागपुरात उन्हाळी सहलींच्या जाहिराती पुन्हा दिसू लागल्या. रेल्वेचे आरक्षण सध्या (फेब्रुवारी 2022) 120 दिवस आधी सुरू होते, म्हणजे मे महिन्याच्या सगळ्या तारखा आजच खुल्या आहेत. दोन उन्हाळे कूलरसमोर काढल्यावर लोकांची घाई समजण्यासारखी आहे, आणि कुटुंबांनी बाहेर पडावे असेच आम्हालाही वाटते. मात्र गेल्या दोन वर्षांत सहलींचे जे पैसे बुडाले किंवा अडकले, त्यांतले पुष्कळसे आजारामुळे नव्हे, तर रद्द करण्याची वेळ टळल्यामुळे गेले. हे टाळता येते.

सुरुवात क्रमापासून करावी. आधी पॅकेजचे सगळे पैसे भरून टाकायचे आणि मग जाण्यायेण्याचे बघायचे, ही पद्धत यंदा सोडा. जे सर्वांत स्वस्तात रद्द होते ते सर्वांत आधी घ्या, म्हणजे रेल्वेचे तिकीट. त्यानंतर राहण्याची जागा, तीही ठरावीक तारखेपर्यंत विनाशुल्क रद्द होणारी. खोली दोन-तीनशे रुपयांनी महाग पडली तरी चालेल. ज्यातला रुपयाही परत येत नाही, ते अगदी शेवटी. प्रत्येक आरक्षणाची रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आदल्या संध्याकाळी घरातल्यांनी बसून जायचे की नाही ते पक्के करा. हॉटेलचे ‘48 तास आधी’ हे चेक-इनच्या वेळेपासून मोजतात की त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून, हे लेखी विचारून घ्यावे. बारा तासांचा फरक पडतो आणि पहिल्या रात्रीचे भाडे नेमके त्यात जाते.

रेल्वेचा हिशेब असा. पक्के तिकीट गाडी सुटण्याच्या 48 तासांहून आधी रद्द केले तर माणशी ठरावीक रक्कम कापली जाते: स्लीपरला 120 रुपये, थर्ड एसीला 180, सेकंड एसीला 200, फर्स्ट एसीला 240. एसीच्या कपातीवर 5 टक्के जीएसटी वेगळा. 48 ते 12 तासांत भाड्याचे 25 टक्के जातात, 12 ते 4 तासांत 50 टक्के, आणि 4 तासांच्या आत काहीच मिळत नाही. थर्ड एसीचे भाडे माणशी 1600 रुपये धरले, तर चौघांच्या घराला 48 तासांआधी 756 रुपयांचा भुर्दंड पडतो. तोच निर्णय आदल्या रात्री घेतला तर 1680, आणि सकाळी सामान बांधून झाल्यावर घेतला तर 3360. पक्के तत्काळ तिकीट रद्द केले तर काहीच परत मिळत नाही, म्हणून साथीच्या काळात तत्काळवर भिस्त ठेवू नये.

चूक बहुधा इथेच होते. निघायला तीन दिवस असताना मुलाला कणकण येते. ‘उद्या उतरेल, रिपोर्ट येऊ द्या’ म्हणत घरचे थांबतात आणि 48 तासांची रेषा ओलांडली जाते. सध्याच्या (जानेवारी 2022 च्या) नियमांनुसार सौम्य लक्षणांच्या रुग्णाला चाचणीच्या दिवसापासून किमान सात दिवस घरी वेगळे राहावे लागते आणि शेवटचे तीन दिवस ताप नसावा लागतो. म्हणजे निघण्याच्या आधीच्या आठवड्यात अहवाल पॉझिटिव्ह आला, तर विचार करण्यासारखे काही उरत नाही. त्याच दिवशी रद्द करा. लक्षणे असतील आणि 48 तासांची रेषा ओलांडण्याआधी अहवाल येणार नसेल, तरीही रद्द करा. चौघांचे 756 रुपये सोडणे परवडते.

सगळ्यांचेच तिकीट रद्द करावे लागते असे मात्र नाही. ई-तिकिटातून एकाच प्रवाशाचे नाव काढता येते. उरलेल्यांनी नवी प्रत सोबत ठेवायची. आईच्या जागी काकू जाणार असेल तर चालत नाही, कारण नावात बदल फक्त आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्यापुरता होतो. तोही एकदाच, आणि गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण केंद्रावर अर्ज व नात्याचा पुरावा देऊन. प्रवासाची तारीख पुढे ढकलण्याची सोय फक्त खिडकीवर काढलेल्या तिकिटाला आहे, पक्क्या तिकिटासाठी 48 तास आधी. म्हणून ज्यांची तारीख डळमळीत आहे, मुलांच्या परीक्षा पुढे जाण्याची धास्ती आहे, त्यांनी मोबाइल बाजूला ठेवून खिडकीवर तिकीट काढावे. एकाच ई-तिकिटावर दोन जागा पक्क्या आणि दोन प्रतीक्षा यादीत राहिल्या, तर सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत संपूर्ण तिकीट रद्द करून किरकोळ कपातीवर पैसे मिळतात. हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो.

आणि गाडी रेल्वेनेच रद्द केली तर ई-तिकिटाला हात लावू नका. पूर्ण रक्कम आपोआप खात्यात येते. 2020 च्या टाळेबंदीत अनेकांनी घाबरून स्वतःच रद्दचे बटण दाबले; आपण होऊन रद्द केले की कपात लागण्याचा धोका असतो, म्हणूनच तसे करू नका असे रेल्वेला जाहीरपणे सांगावे लागले होते.

ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळे आजी-आजोबांचे पूर्ण भाडे धरा. एसी डब्यात चादर, ब्लँकेट अजून (फेब्रुवारी 2022) मिळत नाही. ते घरून न्यावे लागेल.

विमानाच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात असाव्यात. प्रवासाच्या तारखेला अजून किमान सात दिवस असतील तर तिकीट काढल्यापासून 24 तासांत ते विनाशुल्क रद्द करता येते. भाडे ‘परत न मिळणारे’ असले तरी विमानतळ वापर शुल्क आणि सरकारी कर परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे; ते मागावे लागतात. तिकीट एजंटामार्फत काढले असेल तर परतावाही त्याच्याच मार्फत येतो. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालात टाळेबंदीतल्या तिकिटांसाठी परताव्याची आणि क्रेडिट शेलची (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा राहणाऱ्या रकमेची) जी व्यवस्था लावून दिली, तीतही एजंटाकडच्या तिकिटांचा परतावा एजंटाकडूनच प्रवाशाला जाईल असे होते. त्यामुळे तिकीट काढताना आपला स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल कंपनीकडे नोंदवला गेला आहे ना, ते पाहा. एजंटाचाच क्रमांक असेल तर विमान रद्द झाल्याचा संदेश तुमच्यापर्यंत येतच नाही.

आता आरटी-पीसीआरबद्दल. महाराष्ट्रात परतताना सध्या (फेब्रुवारी 2022) लसीचे दोन डोस पूर्ण हवेत, नाहीतर 72 तासांतला अहवाल हवा. दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस झाले की लसीकरण पूर्ण धरतात. 15 ते 18 वयाच्या मुलांना 3 जानेवारी 2022 पासून कोव्हॅक्सिन मिळते, दोन डोसांत 28 दिवसांचे अंतर. मेच्या सहलीसाठी पहिला डोस मार्चच्या मध्यापर्यंत व्हायलाच हवा. 15 वर्षांखालच्यांना अजून लस नाही आणि त्यांच्याबाबत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. अहवालाचे तास बहुतेक ठिकाणी नमुना दिल्यापासून मोजले जातात, अहवाल हातात आल्यापासून नव्हे. शनिवारी सकाळी 10 वाजता पोहोचायचे असेल तर बुधवारी सकाळी 10 नंतरचाच नमुना चालेल. गाडीत एक दिवस जाणार, प्रयोगशाळा एक ते दीड दिवस घेणार. हाताशी राहतो तो बुधवारचा उरलेला दिवस. सोमवारी पोहोचणाऱ्यांच्या गणितात रविवार येतो, तेव्हा प्रयोगशाळा उघडी आहे का ते आधी विचारा. अहवालावरचे नाव आधार कार्डाशी अक्षरशः जुळू द्या, ‘एस. आर.’ एवढेच लिहिलेले चालत नाही. राज्यात घरी येऊन नमुना नेण्याचा कमाल दर सध्या (फेब्रुवारी 2022) 700 रुपये आहे, म्हणजे चौघांचे एका वेळचे 2800. जाण्यायेण्याचे दोन्ही धरा.

हे सगळे जड वाटत असेल तर सहल जवळ आणावी. तीत काही कमीपणा नाही. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला रद्द करायला उरते फक्त खोली. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ अतितप्त दिवसांत, नागपूर भाजत असताना सुमारे अकराशे मीटरवरचे चिखलदरा रात्री पांघरूण मागते. सावनेर, छिंदवाडा, तामियावरून पचमढीही एका दिवसात गाठता येते, पण तिथे राज्याची सीमा ओलांडावी लागते. मार्च 2021 मध्ये मध्य प्रदेशने महाराष्ट्राशी असलेली बससेवा थांबवली होती, हे विसरू नये. राज्यातही जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश वेगवेगळे असतात: फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती आणि अचलपूर बंद झाले, आणि चिखलदऱ्याची वाट अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यावरूनच जाते. तेव्हा मुक्कामाच्याच नव्हे, वाटेतल्या जिल्ह्यांचे आदेशही निघण्याआधी बघावेत. ताडोब्याला जायचे तर कोअरची (जंगलाच्या गाभा क्षेत्राची) साप्ताहिक सुटी मंगळवारी असते. सफारीच्या परवान्यावर प्रत्येकाचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक असतो, तो प्रवेशद्वारावर तपासतात. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. आपल्या घरचीच सहा माणसे जमवली तर परक्यांशी दाटीवाटी करावी लागत नाही. सोबत थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि नेहमीची औषधे तीन दिवसांची जादा ठेवा. चिखलदऱ्याहून मोठे रुग्णालय गाठायचे तर अमरावतीपर्यंत उतरावे लागते.

सहल कंपन्यांकडून पावती घेताना त्यावर तीन ओळी लिहून मागा: शासकीय बंदी आली तर काय, घरातला कुणी पॉझिटिव्ह निघाला तर काय, आणि परतावा रोख की क्रेडिट नोट. क्रेडिट नोट असेल तर तिची मुदत किती आणि ती दुसऱ्याच्या नावे करता येते का, हेही. प्रवास विम्याच्या कागदात ‘साथरोग’ वगळलेल्या बाबींत आहे का, ते विमा घेण्याआधीच वाचा. एवढे करूनही कुणी पैसे अडवले, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही.

आपल्याला विनंती एवढीच की एप्रिल ते जूनच्या रविवारच्या अंकात छोटी चौकट द्यावी: मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाच्या सीमांवर त्या आठवड्यात काय लागते, आणि विदर्भातल्या कोणत्या जिल्ह्यात कोणता आदेश चालू आहे. रेल्वे मंत्रालयाकडे आमची मागणी आहे की खिडकीवरच्या तिकिटाला मिळणारी तारीख बदलण्याची सोय ई-तिकिटालाही द्यावी. आज बहुतांश कुटुंबे मोबाइलवरच तिकीट काढतात आणि ज्यांना फक्त आठ दिवस पुढे जायचे असते, त्यांनाही रद्द करून पुन्हा प्रतीक्षा यादीच्या शेपटाला उभे राहावे लागते.

आपले,
प्रवास नियोजनाच्या व्यवसायातील काही सहकारी,
सीताबर्डी, नागपूर