फिकट लेदरच्या सोफ्याला खोबरेल तेल लावायला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती टिप्समध्ये लेदरचा सोफा चमकवायला खोबरेल तेल चोळा आणि डाग पडला तर खायचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन घासा असं छापून आलं, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहून राहिली आहे. हे दोन्ही उपाय मी स्वतः केले आणि आमच्या क्रीम कलरच्या सोफ्याची वाट लागली.

मिस्टरांनी रिटायर झाल्यावर मोठ्या हौसेनं तो सोफा घेतला होता. दोन वर्षांत डोकं टेकायच्या जागी केसांच्या तेलाचा काळपट डाग पडला आणि कूलरच्या समोरच्या हातावर बारीक भेगा. कोणीतरी सांगितलं म्हणून मी सोड्यानं घासलं तर डाग तसाच राहिला, वरचा रंग मात्र फडक्यावर आला. मग कोरडं पडलं म्हणून एप्रिलमध्ये खोबरेल चोळलं, दोन दिवस मस्त दिसलं, नंतर ते आत मुरून पिवळसर चट्टे उठले आणि सगळी धूळ तिथेच चिकटायला लागली. डिसेंबरात थंडी पडल्यावर तर वर पांढरी साय धरल्यासारखं झालं, बाटलीतलं खोबरेल गोठतं तेच सोफ्याच्या आत झालं असणार.

शेवटी कारच्या सीटचं काम करणाऱ्या एका कारागिराला बोलावलं. त्यांनी काही न बोलता मागच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब मण्यासारखा वर राहिला. म्हणाले, "ताई, हे कोटिंगवालं लेदर आहे, हे ओल्या फडक्यानं पुसता येते. थेंब आत जाऊन तिथं काळं पडलं असतं तर बिना कोटिंगचं, त्याला पाणीबी जपूनच लावा लागते." एवढी साधी गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर! लेदर मुळात थोडं आम्ल असतं, सोडा आणि कपड्याचा साबण त्याच्या उलट, म्हणून त्यानं वरचा थर ढिला होतो आणि आतलं लेदर कडक पडतं हेही त्यांनीच समजावलं. नेलपॉलिश रिमूव्हर, काच पुसायचा स्प्रे, बुटाचं पॉलिश यातलं काहीच लावायचं नाही.

आता मी करते ते असं, की आठवड्यातून एकदा व्हॅक्यूमच्या ब्रशनं फटीतली धूळ काढते, कारण आपल्याकडे रस्त्याचं काम कुठे ना कुठे सुरूच असतं आणि ती बारीक धूळ घासून घासून कोटिंग खाते. मग पांढरं मायक्रोफायबरचं फडकं (रंगीत नको, रंग लागतो) घट्ट पिळून, लेदर क्लीनर फडक्यावर घेऊन, सोफ्यावर नाही, हलक्या हातानं पुसायचं. पाणी आरओचं, बोरिंगच्या पाण्यानं वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. कूलरचे तुषार उडतात त्यानंही तेच होते, म्हणून सोफा कूलरच्या झोतातून आणि खिडकीच्या उन्हातून हलवला. पूर्ण वाळलं की फिकट रंगाला चालणारं बिनरंगी लेदर कंडिशनर, तेही अगदी थोडं, आधी मागे लपलेल्या जागी लावून एक दिवस पाहायचं, मगच सगळीकडे. बाटल्यांवर साधारण सहा महिन्यांनी लावा म्हणून असतं आणि आपला मे महिना पंचेचाळीस डिग्रीचा, म्हणून मी एकदा मार्चअखेर आणि एकदा पावसाळा सरल्यावर लावते. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमटपणा कोंडून बुरशी येते. तेल सांडलं तर घासायचं नाही, टिपायचं, वर कॉर्नफ्लोअर टाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी ब्रशनं झटकायचं, ताज्या डागाला याचा खूप फरक पडतो, जुना मुरलेला मात्र घरी निघत नाही.

आणि हो, बऱ्याच घरात लेदर म्हणून घेतलेला सोफा रेक्झिनचा किंवा पीयूचा, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर चढवलेला, निघतो. पापुद्रे निघायला लागले की समजायचं. त्याला कंडिशनर लावून पैसे वाया जातात, साध्या ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरे, सुटलेला पापुद्रा कशानंच परत चिकटत नाही. दुकानदारांनी बिलावर लेदर आहे की रेक्झिन आणि कोटिंग आहे की नाही एवढं मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे? लोक लाखभर रुपये घालतात हो.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ती टीप चुकीची होती असं छापा आणि थेंबाची परीक्षा तेवढी नक्की द्या. उन्हाळा तोंडावर आहे, सोफे कोरडे पडायला लागले की लोक तेलाची बाटली घेऊन बसतील.

आपली नियमित वाचक,
मनीषनगर, नागपूर